श्वासांचं फोल्डर

दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध बसून शिट्टी हिरमुसली होती.

कथाकार वाईट बोलत होता असं नाही हं. उलट एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. शेजारी बसलेली ताई तिच्या कानाला लागली, की एवढं नटूनथटून आलो आणि हे तर डिट्टो तुझ्या हेडफोनमधल्यासारखं आहे, घरीच पाय पसरून ऐकलं असतं की. शिट्टीचं दुखणं नेमकं तेच होतं.

शिट्टी हे नाव ताईनंच ठेवलेलं. हिच्या नाकातून श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची, अगदी लहानपणापासून. दोघी एका खोलीत झोपायच्या आणि त्या शिट्टीपायी ताईनं किती उशा फेकून मारल्या असतील याला गणती नाही.

आणि काम काय करायची, तर याच कथाकाराची रेकॉर्डिंगं साफ करायची. तो फाइल पाठवायचा. ही खोकला काढायची, खुर्चीची करकर काढायची, आणि मुख्य म्हणजे श्वास काढायची. 'श्वास एकही नको,' हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलेलं. स्क्रीनवर शब्दांचे डोंगर दिसतात आणि दोन डोंगरांच्या मधे श्वास पडलेला असतो, केसाळ सुरवंटासारखा. पकडायचा, कापायचा. पण ही त्याच्यासाठी इतकी वेडी, की कापलेले श्वास तिला टाकवायचे नाहीत. एका फोल्डरमध्ये गुपचूप ठेवायची. सात वर्षांचे श्वास. ताईलासुद्धा पत्ता नाही. रडवणाऱ्या वाक्याच्या आधी तो दोन छोटे श्वास घेतो, हे अख्ख्या जगात फक्त तिला माहीत होतं. ते दोन श्वास समोर बसून ऐकायचे, एवढ्यासाठीच तर ती आली होती.

रडवणारं वाक्य आलं. तिचं बोट सवयीनं गुडघ्यावर कापायला सरसावलं. कापायला काही नव्हतंच. एक वाक्य सरळ पुढच्याला जाऊन चिकटलं.

मग ती नीट बघायला लागली. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. ते पेन वर होईना, खाली होईना. तिनं मनात आकडे मोजले. साठ. शंभर. दोनशे. तो बोलतच होता. मागून कुणीतरी म्हणालं, काय दम आहे बुवा. आणि शिट्टीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुपारी कार्यक्रम संपल्यावर ताईनंच तिला ढकलत ढकलत स्टेजमागच्या खोलीत नेलं. तिनं भीत भीत सांगितलं, सर, तुमची रेकॉर्डिंगं साफ करते ती मी. त्यानं सह्या करायच्या थांबवल्या. ताई भिंतीवरचे फोटो बघायला वळेपर्यंत थांबला. मग हळूच विचारलं,

"माझे श्वास टाकत नाही ना तुम्ही?"

शिट्टी हसली. तो हसला नाही.

"बोलायचं काम भागतं त्यांच्याशिवाय. झोपताना मात्र लागतात. रोज रात्री तुमच्याकडूनच थोडे थोडे घेतो. आहेत ना?"

"आहेत सर," ती म्हणाली. "सगळे आहेत."

नव्हते. आज सकाळीच कॉम्प्युटर भरला म्हणून कुरकुरत होता. तिनं ते फोल्डर उडवलं होतं. वर कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती. म्हटलं, आता काय, आज तर खराखुराच ऐकायचाय.

घरी येईपर्यंत ताईची टकळी चालू होती आणि हिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच, आज रात्री तो माणूस अंथरुणावर आडवा होणार. चप्पल काढायच्या आधी तिनं कॉम्प्युटर चालू केला. वर खाली, सगळं शोधलं. एक श्वास सापडेल तर शपथ. मग तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला, माइक पुढे ओढला आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. स्वतःचे. मोठे, छोटे, रडण्याआधीचे दोन दोन. दुपार गेली, दिवे लागले, ओठ कोरडे पडले. ताई दारात येऊन म्हणाली, कुणाच्या जखमेवर फुंकर घालतेयस गं एवढी? हिनं हातानंच तिला घालवलं आणि नवीन फोल्डर भरत राहिली.

नंतरचे तीन दिवस त्याचा निरोप नाही की काही नाही. दर तासाला ही मोबाइल बघायची. चौथ्या दिवशी सकाळी फाइल आली. म्हणजे माणूस जिवंत आहे. शिट्टीला इतकं हायसं वाटलं, की तिनं चहा तसाच टाकला आणि हेडफोन कानाला लावायला धावली.

"शिट्टी, डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलीस की काय?" ताईनं चहाचा कप घेऊन मागे येत विचारलं. "तीन रात्री झाल्या, तुझं नाक वाजलेलंच नाही. मी मेली सवयीनं जागी राहते."

खरंच की, शिट्टीला वाटलं. तिनं फाइल सुरू केली. पहिलं वाक्य झालं. डोंगरामागे सुरवंट दिसला. सवयीनं तिनं तो पकडला, बोट बटणावर ठेवलं, आणि कापण्याआधी एकदा ऐकला.

श्वासाच्या शेवटी, अगदी बारीक, शिट्टी वाजली.

तिनं बटणावरचं बोट अलगद उचललं.