अंगठ्यानं वाचलेलं नाव

आमच्या घरी खंडेनवमीला खापरपणजोबांची तलवार पुजतात. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नजर काचबिंदूनं गेली; तरी मुठीजवळ छिन्नीनं कोरलेलं लोहाराचं नाव ते दरवर्षी अंगठ्यानं वाचायचे. "औंदा ओवीचं बोट फिरवू त्याच्यावर," असं माझ्या लेकीला मांडीवर घेऊन महिनाभर म्हणत होते.

मला वाटलं, लेकीची पहिली पूजा, तलवार कशी चकचकीत हवी! नवरा म्हणालाही, "राहू दे गं, जुनी वस्तू आहे." पण मीच हट्टानं त्याला चाकणच्या वर्कशॉपमधून बफिंग करून, म्हणजे मशीनवर घासून गुळगुळीत करून, आणायला लावली. "एक डाग ठेवायचा नाही," असं वर बजावलं. आली ती आरशासारखी होऊन.

पूजेला आबांनी ती मांडीवर घेतली. एका हातात ओवीचं इवलंसं बोट धरून दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीजवळ फिरवला. दोनदा, तीनदा. नाव कुठेच लागेना.

"सूनबाई, ही आपली न्हाई. कारखान्यात बदलली बघ कुणीतरी. आपली तेवढी माघारी आण."



"आणते, आबा," मी म्हणाले.