डावी भुवई

"भुवई नीट ताणून धर गं," म्हणत सुलक्षणाने दोऱ्याचं टोक दातांत पकडलं आणि ती खुर्चीतल्या शलाकावर वाकली. उद्या शलाकाची हळद होती.

पंचेचाळिशी ओलांडल्यापासून सुलक्षणाला जवळचं धूसर दिसायचं. पण चष्मेवाल्या म्हाताऱ्या बाईच्या पार्लरमध्ये कोण येणार? हाताला सवय होती. त्या सवयीवरच सगळं चाललं होतं.

एकदम शलाका कळवळली.

"झालंच हं." सुलक्षणाने कोरफडीचा गर चोळला आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं. लांबून भुवई छान कमानदार वाटली. "बघा वहिनी, कशी दिसतेय लेक!"

शलाकाची आई जवळ आली. तिनेही बघताना मान थोडी मागे घेतली. "अगदी रेखीव! म्हणून तर तुमच्याकडेच आणते हिला."

शलाकाने समोरचा आरसा उचलला. तिने बोटाने डावी भुवई चाचपली. "आई, नीट बघ ना गं."

आईने इकडेतिकडे पाहिलं, पर्सच्या तळातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून डोळ्यांना लावला, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मला द्या जरा," सुलक्षणा म्हणाली.

चष्म्यातून डावी भुवई लख्ख दिसली. मधोमध तांदळाएवढी जागा कोरी होती आणि तिथली कातडी लाल झाली होती.

शलाका आता हुंदके देऊन रडत होती. तिची समजूत काढायला सुलक्षणा वाकणार, तेवढ्यात दार लोटून पुढचं गिऱ्हाईक आत आलं. सुलक्षणाने झटकन चष्मा काढला आणि ओढणीखाली लपवला.