सडा घातलेलं मैदान

बंदुकीच्या या निवडीतून तात्यासाहेबांना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं: रोख काहीच नाही. कंपनीच्या एजंटानं पुढं केलेली विलायती सिगारेटसुद्धा त्यांनी हात जोडून परत केली. त्यांना हवं होतं ते एवढंच, की या पाहुण्यानं जाताना म्हणावं, देश नवा आहे पण माणसं रीतीची आहेत. दलाली खाणाऱ्याशी घासाघीस तरी करता येते. तात्यासाहेबांशी कशाची करणार?

पोलीस ॲक्शननंतर दिल्लीची फौज आली तशी परत गेली होती आणि मराठवाडा स्वतंत्र देश होऊन तिसरं वर्ष चालू होतं. देशाला झेंडा होता, टपालाची तिकिटं होती, गोदावरीपलीकडं शत्रूही होता. फौजेची बंदूक तेवढी ठरायची होती.

ती ठरवायला औरंगाबादेत छावणीच्या मैदानावर तिघं जमले होते. निवड समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब, गंगापूरचे बागायतदार आप्पासाहेब आणि फौजेतर्फे मेजर फारूख. दोन कंपन्यांचा माल स्टेशनात वॅगनींत उभा होता. जो ठरेल तो उतरवायचा आणि मेजरच्या तुकडीनं तो खांद्यावर घेऊन परवा पैठणच्या आघाडीवर निघायचं. तुकडीतली पोरं पलीकडं भिंतीच्या सावलीत बसून होती.

परीक्षा मेजरनंच सुचवली होती. बंदुका धुळीत फरफटवायच्या आणि मग गोळ्या झाडून बघायच्या. वैशाखात पैठणच्या वाटेवर दुसरं असतंच काय?

पण मैदानावर धूळच नव्हती. लग्नाच्या मांडवापुढं असावी तशी जमीन झाडून, सडा घालून गार केलेली. निशाणाच्या फळ्यांपुढं रांगोळीसुद्धा होती.

"पाणी कुणी मारलं?" मेजरनं विचारलं.

"म्या," आप्पासाहेब खुशीत म्हणाले. "दोन दिस झाले पखाली चालू हायेत. पाव्हना पांढऱ्या कपड्यात यायचा. त्याच्या अंगावर माती उडवायची व्हय?"

दोन्ही बंदुका ओल्या जमिनीवरून ओढल्या गेल्या आणि होत्या तशा स्वच्छ वर आल्या. दोन्ही नीट झाडल्या. एक जुन्या घाटाची, जड, शिसवी रंगाच्या लाकडाची. तिच्या कंपनीनं माल पाठवला होता, माणूस नाही. दुसरी पाहुण्याची. हलकी, चकचकीत, एकदा भरली की धडाधड सुटणारी.

"बघा, दोघी पास," तात्यासाहेब म्हणाले. "मग हलकी घ्यायला हरकत काय?"

"हिचा गोळी आत सरकवायचा खटका लई तंग बसतो, तात्यासाहेब," मेजर म्हणाले. " जरा धूळ गेली की अडकून बसंल. एकदा फुफाट्यात बघू द्या. गंगापूरच्या रस्त्यापर्यंत चला, फार लांब नाय."

"पाहुण्याला फुफाट्यात नेता? आणि जेवण? नान-खलिया कधीचा तयार आहे."

मेजर कुंपणाबाहेर गेले, मूठभर कोरडी माती घेऊन आले आणि चकचकीत बंदुकीवर वाकले. एजंटाचं हसू मावळलं. तात्यासाहेबांनी पुढं होऊन मेजरचं मनगट धरलं. जोरानं नाही, लहान पोराचं धरावं तसं.

"वस्तू अजून पाहुण्याची आहे, मेजरसाहेब. सोडा."

मेजरनं मूठ उघडली. माती ओल्या जमिनीवर पडली आणि काळी झाली.

मग तात्यासाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज अगदी मायेचा. "तुम्ही निजामाच्या फौजेत होता. आम्ही कधी तोंडातून काढलं? नाही ना? आज आम्ही दोघं हो म्हणतोय आणि तुम्ही एकटेच नाही म्हणताय. लोक विचारतील, हा कुणासाठी आपली फौज कच्ची ठेवतोय? मी कुणाकुणाचं तोंड धरू?"

धमकी एवढ्या स्वस्तात क्वचितच मिळते. मेजरनं एकदा भिंतीकडं पाहिलं. आपण हटलो तर या पोरांना आघाडीवर दुसरा कुणी नेईल आणि बंदूक हीच असेल. कसाही मांडला तरी हिशेब तोच येत होता. त्यांनी सही केली.

"मुबारक!" आप्पासाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "परेडला काय दिसंल फौज! आता चला, रस्सा गार व्हतोय."

मेजर जेवायला बसले नाहीत. ठरलेली बंदूक घेऊन ते भिंतीकडं गेले तशी पोरं उठून उभी राहिली.

"कोंची ठरली, साहेब?" सांडूनं विचारलं.

मेजरनं हातातली बंदूक त्याच्याकडं दिली.

"आरं तिच्या! लई हलकी हाय की!" सांडूनं ती रामकिसनला दिली, रामकिसननं शफीला. नवी नवरी बघावी तशी ती हातोहात फिरली. "साहेब, आता तुमी बिनघोर ऱ्हावा," शफी म्हणाला. "हमको कोई नहीं रोकता."

मेजर "हां बेटा" म्हणाले.

पाहुणा खूश होऊन गेला. जाताना माणसं रीतीची आहेत असंही म्हणाला. तात्यासाहेबांना मान मिळाला, आप्पासाहेबांना परेड. त्या दिवशी कुणी एक शब्द खोटा बोललं नव्हतं.

हिशेब चुकता झाला तो पैठणच्या अलीकडं, घोटाभर फुफाट्यात. संध्याकाळी पडलेली माणसं उचलायला गाडे गेले तेव्हा सांडूचा, रामकिसनचा, शफीचा फेटा सुटलेला होता आणि धूळ पुसायला फेट्याचं टोक खटक्याच्या फटीत कोंबलेलं होतं. मेजरला फेटा नव्हता. त्यांनी सदऱ्याची बाही फाडली होती.