क्रोशाचा रुमाल

"चोळू नकोस गं, फाटेल!" माई चुलीपासून ओरडली.

कुंदाला हसू आलं. रुमाल तिनंच विणलेला. क्रोशाचं जुनं काम चोळायचं नाही, पिळायचं नाही, हे घरात तिच्याशिवाय ठाऊक होतं कुणाला? दोन दिवस तिनं तो रिठ्याच्या पाण्यात ठेवला होता. गंजाच्या ठिपक्यांवर लिंबू-मीठ लावून ऊन दाखवलं होतं. आता खळीसाठी बुडवलेल्या पेजेतून काढून, टाचण्या लावून ताणून वाळवला की झालं.

हा रुमाल तिनं सतराव्या वर्षी विणला, स्वतःच्या दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी. पाहुणे आले की तो टेबलावर यायचा आणि माई म्हणायची, "मुलीच्या हातचं आहे हो." नऊ स्थळं आली, नऊही चहा पिऊन गेली. पत्रिकेतला मेला मंगळ कुणालाच पचला नाही. रुमाल पिवळा पडला, कुंदा सत्तावीस वर्षांची झाली. आता धाकट्या वेणूला बघायला अंबरनाथहून कारखान्यातला शशिकांत आणि त्याची आई येणार होती. थोरली बिनलग्नाची घरात दिसली की शंभर शंका! म्हणून ती मामाकडे गेलीय, असं सांगायचं ठरलं होतं. रुमाल मात्र हवाच होता. वेणूला साधी साखळीसुद्धा घालता येत नव्हती.

संध्याकाळी कुंदा दाराआड उभी राहिली. बाहेर शशिकांतची आई, सुहासिनीबाई, रुमाल डोळ्यांजवळ धरून बघत होत्या.

"वेणूच्या हातचं आहे हो," माई म्हणाली.

"हो का? धुऊन छान पांढरा केलाय, पण दोऱ्याचं वय कुठं लपतं? दहा वर्षांचा तरी आहे हा. मुलगी एकोणीसची म्हणालात ना? मग नवव्या वर्षी विणला?"

झालं! वेणू रडकुंडीला आली आणि बोलून गेली, "ताईनं विणलाय. धुतलायपण तिनंच. ती आत आहे."

कुंदा बाहेर आली. आपल्यापायी पोरीचं स्थळ मोडलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण सुहासिनीबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं, रिठ्याच्या पाण्यानं खरबरीत झालेली तिची बोटं हातात धरली.

"काय कसब आहे गं बाई! असं माणूस घरात हवं."

शशिकांतनं मान वर केली आणि तो कुंदाकडे बघून हसला. तिच्या छातीत धडधडायला लागलं. छे, हे वेणूचं स्थळ! ती स्वतःला दटावत होती. पण मनाला कुणी आवरावं? नऊ वेळा याच खोलीत ती खाली मान घालून बसली होती, आणि एकदाही कुणी तिचा हात असा धरला नव्हता.

"येशील आमच्याकडे?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

कुंदानं होकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांदेखत ती लाजली.

"मग ठरलं तर!" सुहासिनीबाई माईकडे वळल्या. "वेणू पसंत आहे आम्हाला. फक्त लग्नाआधी या थोरलीला चार दिवस पाठवा. आमच्या सासूबाईंच्या वेळच्या लेसच्या झालरी पार पिवळ्या पडल्यात, हिच्याकडून धुऊन घेईन म्हणते."

माई आनंदानं पुढे सरसावली.

"अहो, चार दिवस काय, महिनाभर ठेवून घ्या! तिला दुसरं काय काम आहे?"