मांडवाच्या अटी

"लग्नाला मी एक रुपया देणार नाही," प्रभाताईंनी सांगितलं आणि निलमची फाईल तिच्याकडे परत सरकवली.

निलमने ती घेतली नाही. आशागडच्या एका संस्थेतली ही मुलगी सकाळी नऊपासून ओटीवर ठाण मांडून बसली होती. तिच्या आधी चिकूचे व्यापारी नविनभाई येऊन गेले. त्यांना डहाणूसाठी ॲम्ब्युलन्स हवी होती आणि प्रभाबेन, दोन्ही बाजूंना तुमचं दोघांचं नाव लिहू, असं चहा पिता पिता त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्याही आधी उमेश सर शाळेच्या कॉम्प्युटर खोलीचा नकाशा ठेवून गेले. पंचवीस लाख म्हणजे काय थोडी रक्कम? नोटाबंदीच्या पुढच्या साली अर्धी वाडी विकून ती आली होती. आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ती चांगल्या कामाला द्यायची, असं प्रभाताईंनी ठरवलं आणि त्यांच्या नवऱ्याने, काशीनाथरावांनी, मान डोलावली. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मान डोलावणं हेच त्यांचं खातं होतं.

ठरवण्यात प्रभाताईंचा हात कोणी धरू शकत नसे. एकोणीस वर्षं मुख्याध्यापक होत्या त्या. मनात ॲम्ब्युलन्स पक्की झालीच होती. निलमला बसवून घेतलं ते फक्त चार गोष्टी सुनवायला. ही पाड्यांवरची आदिवासी माणसं लग्न न करता एकत्र राहतात, त्यांना पोरं होतात, नातवंडं होतात, आणि मग पन्नास जोडप्यांचा एक मांडव घाला म्हणून तुम्ही आमच्या दारात येता? कागदच हवा तर रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करा म्हणावं.

"यादी तरी बघा, बाई," निलम म्हणाली.

प्रभाताईंनी चष्मा लावला. पहिलाच नवरदेव बासष्ट वर्षांचा निघाला. त्यांना हसू आवरेना. काशीनाथरावांना ऐकू जावं म्हणून त्या एकेक वय मोठ्याने वाचायला लागल्या, तलासरीची पानं संपवून रानशेतवर आल्या आणि तिथे थांबल्या. लाहू आणि सोमी. पुढे लिहिलं होतं, मुलगा बारक्या, त्याचंही याच मांडवात.

सोमी समोरच अंगणात चिकू निवडत बसली होती. बावीस वर्षं ती या वाडीत कामाला होती. दर संक्रांतीला प्रभाताई तिला हळदीकुंकू लावत आणि लाहूचं नाव घे, नाव घे म्हणून तिला भंडावून सोडत. सोमी नुसती हसायची.

त्यांनी तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस, असं त्यांनी चिडून विचारलं. तू विचारलंच कधी, सोमी म्हणाली.

मग निलमनेच सगळं उलगडून सांगितलं. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही, ही त्यांची रीत. आणि लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याचं जेवण, शिवाय गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, धवलेरी, तिचा मानपान. ऑफिसातली सही सरकार मानेल, पाडा मानणार नाही. यंदा करू, पुढच्या साली करू म्हणता म्हणता लाहू-सोमीचे केस पिकले. आता बारक्याची सोयरीक झाली होती, मुलीकडचे चैत्राच्या पुढे थांबायला तयार नव्हते आणि लाहूला चार पावलं चाललं तरी धाप लागत होती.

"तो तसाच गेला, तर पोराच्या मांडवात मी कोण म्हणून उभी राहू, बाय?" सोमी म्हणाली.

प्रभाताईंना आपल्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. पण लाजेतही त्यांनी लगेच निर्णय घेतला. तुझं आणि बारक्याचं लग्न मी इथेच वाडीत लावून देते, खर्च सगळा माझा, ॲम्ब्युलन्स ॲम्ब्युलन्सच्या जागी. सोमीने नकारार्थी मान हलवली. तिच्या पाड्यातली अकरा जोडपी त्या यादीत होती. जिवलीला आणि बायजीला बाहेर बसवून आपण तेवढं मांडवात जायचं, हे तिला नको होतं. हवं तर माझं नाव काप, म्हणाली.

"ॲम्ब्युलन्स थोडी लहान घेऊ," काशीनाथराव पेपराआडून म्हणाले.

प्रभाताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फाईल पुढ्यात ओढली. मांडव होणार. उरलेल्या पैशांत ॲम्ब्युलन्स, कमी पडतील ते नविनभाईंनी घालायचे आणि नाव खुशाल त्यांचं लिहायचं. मात्र मांडवाला अटी राहतील. भटजी मी आणणार, मुहूर्त सकाळी अकराचा, आणि ताडीचा थेंब नको. निलम भराभर लिहून घेऊ लागली.

सोमीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, भट नको, लग्न धवलेरी लावते, असं तिने सांगितलं. वेळही तीच सांगणार. आणि ताडी आधी देवाला लागते, त्यामुळे ती मांडवात असणारच. आवाज जराही न चढवता ती बोलत होती. निलमने तिन्ही अटी खोडल्या. प्रभाताईंसमोर कोणी असं बोलल्याचं काशीनाथरावांच्या आठवणीत नव्हतं.

"मग आम्ही काय करायचं?" प्रभाताईंनी विचारलं. "नुसते पैसे देऊन घरी बसायचं?"

सोमीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"माझे आईबाप गेले," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं कोण नाय. तू नवरीकडची म्हणून ये, आन् नाच."