कान्हूनं दाखवलेल्या जागा

तिसरी जागा दाखवून झाली आणि कान्हू कातळावर बसून गुडघे चोळू लागला. चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं होतं. खाली दिग्गीचं रान पसरलं होतं, कुठं हिरवं, कुठं पानं झडून करडं पडलेलं.

"छान आहे," पुंडलिकराव म्हणाले. "पण असे कडे उळवीच्या वाटेवरही आहेत. तुझ्या आवडीची जागा दाखव, कान्हू. मागल्या खेपेला दाखवलीस तशी."

पुंडलिकराव बेळगावच्या एका मासिकात प्रवासाचे लेख लिहीत. दोन वर्षांपूर्वी ते एकटेच आले होते, तेव्हा कान्हूनं त्यांना गावाखालचा कोंड दाखवला होता. नदीच्या वळणावरचं ते खोल, गार पाणी त्याला लहानपणापासून आवडायचं. पुंडलिकरावांनी त्यावर सुंदर लेख लिहिला. तो वाचून माणसं गाड्या जुंपून आली. मग कुणीतरी कोंडाची गोष्ट गोऱ्या साहेबांच्या कानावर घातली. आता तिथं साहेबांचा शिकारीचा तळ पडला होता. काठाला कुंपण होतं, कुंपणाशी पहारेकरी होता आणि गावातल्या बायांना तिथं घागर बुडवायची बंदी होती.

पुंडलिकरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कान्हूनं त्यांना या वेळी तिकडं नेलंच नव्हतं.

सकाळी निघताना त्याची सून फुला दारात आडवी आली होती. "पाटलानं सांगितलंय तर दावा काय दावायचं ते. पर मामा, वरच्या झऱ्याकडं तेवढं नेऊ नका. आता त्यो एकच ऱ्हायलाय."

कान्हूनं मान डोलावली होती.

"आवडीची म्हंजे हीच की, रावसाब," तो आता म्हणाला. "पाय चालंनात. आवड कुठली ऱ्हातीय?"

पुंडलिकराव हसले. त्यांची बायको तुळजाबाई मात्र हसली नाही. कोंडाचा लेख तिला तोंडपाठ होता आणि तो कोंड बघायलाच ती हट्टानं बरोबर आली होती. सकाळी दोनदा तिनं त्याची चौकशी केली, पण कान्हूनं दोन्ही वेळा विषय बदलला. नंतर तिचं बोलणंच बंद झालं. पळसाच्या विरळ सावलीत ती डोळे मिटून बसली होती. उठायला गेली आणि तिचा तोल गेला. पुंडलिकरावांनी धावत जाऊन तिला सावरलं. अंग तापलं होतं, ओठ पांढरे पडले होते.

"पाणी!"

तांब्यात थेंब नव्हता. कान्हूनं गावाच्या दिशेनं पाहिलं. घर लांब होतं आणि या वेळी घरातल्याही घागरी रिकाम्याच असायच्या. कोंडावरचा पहारेकरी कुणाचं ऐकणारा नव्हता.

त्यानं पुन्हा एकदा तुळजाबाईकडं पाहिलं. मग कातळाला हात टेकून उठला.

"धरा त्यांस्नी. माझ्या मागनं या."

कारवीच्या दाटीतून तो फांद्या बाजूला सारत पुढं चालला. उतार होता. प्रत्येक पावलाला त्याच्या गुडघ्यातून कळ येत होती.

खाली एका जुन्या जांभळीच्या मुळातून पाणी झिरपत होतं. करंगळीएवढी धार, तिच्याखाली खडकात परातीएवढा खळगा. भोवती नेचे वाढले होते. तिथली हवासुद्धा वेगळी होती. कान्हूनं रुंद पानाचा द्रोण केला. पुंडलिकरावांनी बायकोच्या डोक्यावर पाणी थोपटलं, घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

मग पुंडलिकरावांनी आजूबाजूला पाहिलं. पाहतच राहिले.

"अरे कान्हू, हे लपवून ठेवलंस होय? याच्यापुढं तो कोंड काहीच नाही!" त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. "काय म्हणता तुम्ही या जागेला?"

कान्हू मुळावर बसला. रागवावं असं त्याच्या मनात दिवसभर होतं, पण आता रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं कोंडाचं सगळं सांगून टाकलं. कुंपण, पहारेकरी, रिकाम्या परतलेल्या घागरी. आवाज न चढवता, दुसऱ्या कुठल्या तरी गावचं सांगावं तसं.

"तुमी लई ग्वाड लिवता, रावसाब," तो शेवटी म्हणाला. "समदी म्हंत्यात. जरा वंगाळ लिवलं असतं तर बरं झालं असतं."

पेन्सिल खिशातच राहिली. पुंडलिकराव पाण्याकडं पाहत म्हणाले, "मी हे नाही लिहिणार, कान्हू. खरंच नाही."

"व्हय," कान्हू म्हणाला. निघालेल्या पाहुण्याला 'या पुन्हा' म्हणावं, तसं.

इतक्यात कारवी हलली. डोक्यावर घागर, काखेत दुसरी, अशी फुला उतारावरून आली आणि थांबली. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं. मग सासऱ्याकडं. कान्हूनं नजर खाली वळवली. खळग्यातलं पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं.

तुळजाबाईला सगळं ऐकू आलं होतं. ती ओशाळून उठायला लागली. "तुमचं पाणी आम्ही... तुम्ही भरा आधी."

फुलानं दोन्ही घागरी खाली ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तिच्या शेजारी टेकली.

"बसा अक्का," ती म्हणाली. "हाय तवर प्या."