चाकावरची रेघ

टल्साच्या बंदूक-मेळ्यात पारखी ड्वेननं म्हाताऱ्या व्हर्लिनच्या रिव्हॉल्व्हरला भिंग लावलं. "व्हर्लिनकाका, अशा शंभरच घडवल्या होत्या. त्यात ही कोरी करकरीत. सांगाल ती किंमत!"

"कोरी कशी? एकदा झाडलीय," म्हाताऱ्याची लेक नेवा तोऱ्यात म्हणाली. "माझ्या पाळण्यात विषारी रॅटलस्नेक शिरला होता. डॅडींनी हिनंच उडवला. याच गोष्टीवर वाढलेय मी."

"ताई, एक गोळी जरी सुटली असती, तरी हे गोळ्यांचं चाक फिरून त्यावर रेघ उमटली असती. इथं रेघच नाही."

नेवा वडिलांकडे वळली. "मग साप मारलात कशानं?"

म्हातारा हसला. नेवा पाळण्यात होती त्या वर्षी ट्रॅक्टरनं तोडलं म्हणून आजवर सांगत आलेलं, अर्धंच उरलेलं बोट त्यानं हळूच मुठीत मिटून घेतलं.